डिकीच्या स्प्रिंगची शपथ

देवगाव फाट्याजवळ मोटार बंद पडली तर धनी नशिबाचा, आणि तिथून चार कोसांवर पडली तर त्यानं बैलजोडी शोधावी, असं त्या काळी जिंतूर-जालन्याच्या सडकेवरचे ड्रायव्हर म्हणायचे. फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली मल्हारी मिस्त्रीचं पत्र्याचं छप्पर होतं. आता मिस्त्री म्हटलं म्हणून कुणी खाकी पाटलोण घातलेला, खिशात पाना अडकवलेला गडी डोळ्यापुढं आणू नये. मल्हारी धोतरावरच मोटारीखाली शिरायचा, डोक्याचं मुंडासं काढून उशाला घ्यायचा, आणि आत पडल्या पडल्या आजारी मेंढराशी बोलावं तसं इंजिनाशी बोलायचा. "उगी, उगी. कुठं दुखायलंय तुला?" ड्रायव्हर लोक हसायचे. हसेनात का, मोटार मात्र चालू व्हायची.

पेडगावच्या उमाजी धनगराचा हा थोरला लेक. घरी सव्वाशे मेंढरं. उन्हाळ्यात कळप घेऊन गावोगाव फिरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हा पिढ्यांचा रिवाज. पण कळप सडक ओलांडायला लागला की मोटार थांबायची, आणि मेंढरं पार होऊन लांब गेली तरी मल्हारी आपला मोटारीपाशीच. "ह्याला लोकरीचा वास येईना, पेट्रोलाचा बरा यायलाय," म्हणून उमाजीनं कपाळाला हात लावला. विसाव्या वर्षी मल्हारी जालन्याला एका खाँसाहेबांच्या मोटार कारखान्यात जाऊन राहिला तो सात वर्षं. खाँसाहेब म्हातारे, दमेकरी, पण हाताला यश. "मशीन कू जबरदस्ती नक्को करो मियाँ, समझा के लेव," एवढं एकच वाक्य ते दिवसातून दहादा ऐकवायचे. मल्हारीनं ते मनावर घेतलं. फक्त एकदा विसरला, आणि ते विसरणं त्याला फार महागात पडलं.

बायकोचं नाव बानूबाई. मल्हारी आणि बानू! म्हणजे खुद्द खंडोबाच्या घरचीच जोडी झाली की. फाट्यावरची रिकामटेकडी मंडळी टपलेलीच असायची. "देव बानूपायी मेंढरं राखायला राह्यला, न् हे बेणं बानू मिळाल्यावर मेंढरं सोडून पळालं." बानूबाई ऐकून घ्यायची आणि वर म्हणायची, "पळाले तर पळाले, मला संगं घिऊन पळाले न्हवं का?" तोंडाची अशी फटकळ, पण जीव टाकणारी बाई. छपरामागं तिनं आपली बारा मेंढरं ठेवली होती. चातीवर लोकर कातत बसायची ती अशा जागी, की तिथून मोटारीखालचे नवऱ्याचे पाय दिसावेत. पाय बराच वेळ हलले नाहीत की हाक मारायची, "अवं, जित्ते हायेत का?" आतून "हाय, हाय" आलं की पुन्हा चाती फिरायची.

तर ते विसरणं असं झालं. मोठ्या अमेरिकन मोटारीच्या डिकीचं झाकण म्हणजे अर्ध्या मणाचं लोखंड. ते बाईमाणसालाही उचलता यावं, आणि उचललं की वरच राहावं, म्हणून आत दोन्ही बिजागऱ्यांपाशी एकेक जाड स्प्रिंग ताणून अडकवलेली असते. आकडा खाचेत बसलेला असतो तोवर ती मोठी गुणाची. सुटली की मात्र वाटेत काय आलं हे ती बघत नाही. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं तेव्हाची गोष्ट. एका जागीरदाराची मोटार आली, मंडळींना लग्नाची घाई, तुटलेली स्प्रिंग बदलून फौरन पाहिजे. मल्हारीनं पेच पिळायचा पेचकस घातला आणि स्प्रिंगचा आकडा नुसत्या जोरावर खाचेत ढकलायला लागला, तोंड बरोबर त्याच्यासमोर धरून. समजावणं नाही, सबुरी नाही. पेचकस घसरला आणि आकडा डाव्या डोळ्यात बसला. परभणीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले, पण डोळा काही राहिला नाही.

घरी आल्यावर बानूबाईनं रडारड केली नाही. देवापुढची भंडाऱ्याची वाटी आणली, तीवर बेलाचं पान ठेवलं आणि वाटी नवऱ्यापुढं सरकवली.

"मोटारी सोडा म्हणत न्हाई मी. त्यो तुमचा जीव हाय, मला ठावं हाय. पर डिकीच्या इस्प्रिंगीला पुन्हा हात लावायचा न्हाई. एक डोळा ऱ्हायलाय. उचला बेलभंडारा."

मल्हारीनं उचलला. धनगराच्या घरात बेलभंडारा उचलून मोडणाऱ्याला कुणी पाणी पाजत नाही. ज्यानं शपथ घातली त्यानंच आपल्या हातानं सोडवली तर सुटते, नाहीतर सरणापर्यंत बरोबर येते. मल्हारी इंजिन उघडायचा, चाकं काढायचा, रात्र रात्र न झोपता गिअर जुळवायचा, पण डिकी म्हटलं की मान खाली घालायचा. कुणी अडलंच तर बाभळीची एक काठी तोडून द्यायचा. "झाकण उचला न् ही लावा. काम भागतंय." आणि मग त्या माणसाच्या तोंडाकडं बघायचा नाही. एवढा नामांकित मिस्त्री आणि मोटारीला काठीचा टेकू देतो, ह्याची त्याला मनातून लाज वाटायची.

अशीच एक काठी त्यानं पार्वतीबाईंच्या मोटारीला दिली होती.

पार्वतीबाई सेलूच्या दवाखान्यातल्या नर्स, हैदराबादेत शिकून आलेल्या. मोटार त्यांची नव्हे. ती जिनिंगवाल्या बन्सीधर शेठची. शेठची बायको बाळंतपणात गेली, बैलगाडी वेळेवर पोचली नाही म्हणून. तेरावं झाल्यावर शेठनं आपली मोटार आणि ड्रायव्हर भुजंग दोन्ही पार्वतीबाईंच्या दारात आणून उभे केले आणि सांगितलं, "माझ्या घरी उशीर झाला बाई, दुसऱ्याच्या घरी होऊ देऊ नका." तेव्हापासून त्या मोटारीच्या डिकीत बाळंतपणाची पेटी असायची, आणि कच्च्या वाटेवरच्या वस्त्यांनाही त्या मोटारीचा भोंगा ओळखू यायचा.

बानूबाईलाही तो भोंगा विसरता येण्यासारखा नव्हता. तिची पहिली दोन बाळं चार दिवसही राहिली नव्हती. तिसऱ्या खेपेला पोर पायाकडून आलेलं, सुईणीनं हात टेकलेले. पार्वतीबाई आल्या, बाह्या वर केल्या, आणि दीड तास त्या एका हातावर सगळं घर श्वास रोखून बसलं. ती पोर म्हणजे अंबा. आता दोन वर्षांची होऊन छपराभोवती दुडुदुडु पळत होती, मेंढराचं शेपूट धरून.

युद्ध संपल्याला वर्ष होत आलं होतं. मागल्या दिवाळीच्या सुमाराला ह्या मोटारीची उजवी स्प्रिंग तुटली होती. नवा माल मिळत नव्हता, म्हणून शेठनं हैदराबादेतल्या एका भंगारातल्या मोटारीची स्प्रिंग काढून रेल्वेनं मागवली. ती सेलूला येऊन दोन महिने झाले तरी डिकीतच लोळत होती, कारण मल्हारी हात लावेना, आणि जालन्याला मोटार न्यायची तर दोन दिवस बाळंतिणींनी करायचं काय? काठीवर दिवस चालले होते.

वैशाखातल्या एका सकाळी मोटार फाट्यावर थांबली. भुजंग उतरला आणि खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, काठी सटकली."

मागून पार्वतीबाई उतरल्या. उजव्या हाताला पट्टी. करंगळी आणि शेजारची दोन बोटं सुजून काळीनिळी पडलेली.

"हाड वाचलंय," त्या म्हणाल्या. "घरात बाळंतीण ओरडत होती, मी घाईनं पेटी ओढली, काठीला धक्का लागला. चूक माझीच. मिस्त्री, ह्या खेपेला दोन काठ्या द्या. वर बेचकं असलेल्या द्या, म्हणजे सटकायच्या नाहीत."

काठी त्याची होती. शपथ त्याची होती, डोळा त्याचा वाचला होता, आणि बोटं चेचली होती ती ह्या बाईची. त्यांनी चिडून दोन शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. त्यांना शपथ माहीत होती, म्हणून त्या स्प्रिंगचं नावही काढत नव्हत्या. त्यानं कुऱ्हाड उचलली आणि मुकाट बाभळीकडं चालायला लागला.

बानूबाई मात्र जागची हलली नव्हती. ती त्या हाताकडं बघत होती.

"बाई, असल्या हातानं काय करायलात मग?"

"परवा एकीला डाव्या हातानं सोडवली. झालं नीट. उद्या एक आडवं मूल आहे म्हणतात. बघू कसं जमतंय ते."

बानूबाईनं खाली बसून अंबाचं नाक पुसलं. उगाच दुसऱ्यांदा पुसलं. मग आत गेली आणि भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली. "अवं, ती कुऱ्हाड ठिवा आधी. हिकडं या," अशी तिनं नवऱ्याला हाक मारली. तो आला. तिनं चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला, उरलेला आपल्या.

"म्या घातली हुती, म्याच सोडवली. सुटली शपथ. बसवा ती इस्प्रिंग."

खोटं कशाला सांगावं, मल्हारीला आनंदबिनंद काही झाला नाही. तीन सालं तो ह्याच घडीची वाट बघत होता, आणि घडी आली तर पळून जावंसं वाटायला लागलं. "बाने, नीट इचार कर," तो हळूच म्हणाला. "आता एकच हाय."

"मला मोजता येतंय," ती म्हणाली. "झाकण मी धरणार. दुसऱ्या कुणाला धरू देणार न्हाई."

मग मल्हारीनं काम मांडलं ते असं, की खाँसाहेबांनी बघितलं असतं तर दाढी कुरवाळली असती. डिकी रिकामी केली. चाकांना पुढून-मागून धोंडे लावले. झाकण पूर्ण वर उचललं, कारण झाकण जितकं वर तितकी स्प्रिंग सैल. दोन बेचक्यांचे वासे खाली दिले, आणि त्यावर भरवसा नको म्हणून बकऱ्याच्या केसांची दोरी झाकणातून ओवून लिंबाच्या फांदीला बांधली. नव्या स्प्रिंगलाही लोकरीच्या दोरीनं मोटारीच्या अंगाशी बांधून घेतलं, म्हणजे सुटलीच तरी लांब जायची नाही. बानूबाई झाकणाला दोन्ही हात लावून उभी राहिली. खरं तर तिला धरायला काही उरलंच नव्हतं, पण हे तिला सांगणार कोण?

आता मुख्य काम. ताणलेली स्प्रिंग हातानं ओढून आकडा बसवायचा म्हणजे वाघाची शेपूट धरायची. त्याला तोड म्हणून खाँसाहेब वेटोळ्यांच्या फटींत तांब्याचे जुने पैसे भरायचे. स्प्रिंग एका बाजूला वाकवायची, फटी उघडतात, त्यात पैसा सरकवायचा. मग दुसऱ्या बाजूला वाकवायची. असं करत भरत गेलं की स्प्रिंग आपोआप लांब होते, आकडा अलगद बसतो, आणि नंतर झाकण खाली घेतलं की फटी मोकळ्या होऊन पैसे गळून पडतात. मल्हारीनं पैशांच्या जागी मेंढ्याच्या शिंगाच्या चकत्या कापल्या होत्या. शिंग लोखंडाला ओरखडत नाही आणि निसटत नाही, अशी त्याची खात्री. जागीरदाराच्या घाईत त्यानं ह्याच चकत्या भरायचा कंटाळा केला होता. आज त्या डब्यातून काढल्या, फुंकर मारून पुसल्या, आणि एकेक भरायला लागला. "उगी, उगी," तोंडानं चालूच. "सावकाश बस. कुणी मारायलंय का तुला?"

वर एखादा जाड कपडा टाकावा, हेही त्याच्या मनात आलं. जवळ होतं ते बापाचं घोंगडं, खुंटीवर टांगलेलं. पण त्या घोंगड्यावर बिरोबाची पूजा मांडायची, चौक भरायचा. धनगर माणूस घोंगड्यावर चपलेचा पाय देत नाही, मग त्याला मोटारीचं काळं तेल कसं लावणार? मल्हारीनं खुंटीकडं एकदा बघितलं आणि नजर वळवली.

आणि दुसरी चूक त्याला दिसलीच नाही. शिंग तेलात मुरलेलं असलं की चिवट राहतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण चकत्या तीन सालं पत्र्याच्या डब्यात, पत्र्याच्या छपराखाली, तीन उन्हाळे पडून होत्या. दिसायला होत्या तशाच होत्या.

शेवटची चकती भरली. तो बाजूला सरकून, अंग वाचवून आकडा खाचेकडं रेटायला लागला. एकच डोळा असल्यानं खाचेचा अंदाज येईना. त्यानं मान जराशी पुढं केली. आतून कट्‌ असा आवाज आला. एक चकती गेली, बाकीच्या धरतील, असं म्हणून त्यानं आणखी रेटलं.

दुसरा कट्‌ आला आणि जगच बंद झालं.

काळोख. तोंडावर काहीतरी जोरात आपटलेलं, आणि गालावरून ऊन ऊन ओघळ. मल्हारीला कळलं ते एवढंच, की गेला. हाही गेला. त्याला अंबाचं तोंड आठवायला लागलं आणि नीट आठवेना. सकाळी तिच्या अंगात कोणतं झबलं होतं ते बघितलं होतं का आपण? आता पुन्हा कधी बघायचं?

मग तो काळोख त्याच्या तोंडावरून सरकला. सरकला तसा उजेड आत आला, लिंबाची पानं दिसली, आणि बानूबाईचं तोंड दिसलं, पांढरंफटक. पहिला कट्‌ ऐकताच झाकण सोडून त्याच्या उजव्या डोळ्यावर तिनं आपला पंजा दाबून धरला होता. आकडा तिच्या हाताच्या पाठीवर बसून मनगटापर्यंत फाडत गेला होता. दोरीनं स्प्रिंग थांबवली होती, पण थांबायच्या आधी ती वीतभर उसळलीच होती.

"दिसायलंय का?" तिनं विचारलं.

"दिसायलंय," तो म्हणाला.

"मग बाईला हाक मारा. हात लय दुखायलाय."

हाक मारायची गरज नव्हती. पार्वतीबाई पेटी उघडून बसल्याच होत्या. शिवायला अंगठा आणि पहिलं बोट लागतं, ती दोन शाबूत होती. मधल्या बोटाला धक्का लागला की त्यांचा ओठ दाताखाली जायचा, पण टाका वाकडा पडत नव्हता. पाच टाके पडले. एक हात दुसऱ्या हाताला शिवत होता आणि भुजंग तोंड फिरवून उभा होता. मल्हारी बायकोचं कोपर धरून बसला होता.

"झाकणाला दोरी हुती, बाने," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "इस्प्रिंगीला दोरी हुती. समदं बांधलं हुतं म्या. तू मधी हात कशाला घातला?"

बानूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "झाकणाला दोरी हुती. इस्प्रिंगीला दोरी हुती. डोळ्याला काय बांधलं हुतं?"

मल्हारी रडला. सडकेच्या कडेला, भुजंगासमोर, एका डोळ्यानं रडला. गेलेल्या डोळ्यातूनही पाणी येतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

वाटलं होतं, आता काम राहिलं. पण बानूबाई पट्टी बांधून झाल्यावर उठली, खुंटीवरचं घोंगडं डाव्या हातानं ओढून काढलं आणि आणून नवऱ्याच्या मांडीवर टाकलं.

"ह्ये टाका वरून."

"अगं, देवाचं हाय ते."

"म्हणूनच टाका. देवाला म्हणावं, तू बी जरा कामाला लाग. बाईला उद्या आडवं मूल सोडवायचंय."

मल्हारीनं चकत्या कोमट करडीच्या तेलात टाकल्या आणि तास-दीड तास तसाच बसून राहिला. एकेक काढून वाकवून बघितली, जी कुरकुरली ती फेकली. पुन्हा भरायला घेतल्या. घोंगडं दुहेरी करून सगळ्या स्प्रिंगवर घातलं, त्याखाली हात घालून, डोळ्यानं नव्हे तर बोटांनीच खाच शोधली आणि आकडा बसवला. टक्‌ करून बसला तेव्हा त्यानं लगेच हात काढला नाही. मग सगळ्यांना मागं सारून झाकण हळूहळू खाली घेतलं, तशा चकत्या आत टपटप पडल्या.

झाकण पुन्हा वर केलं तर ते सरळ उडून आभाळाकडं जायला लागलं. डावी स्प्रिंग जुनी, उजवी ताठ. अशानं कुणाच्या हनुवटीला लागलं असतं. त्यानं पुन्हा वासे लावले, दोरी बांधली, घोंगडं टाकलं, चकत्या भरल्या आणि आकडा एक खाच अलीकडं घेतला. पुन्हा बघितलं. आता झाकण जिथं सोडावं तिथं थांबत होतं. एव्हाना दुपार टळून गेली होती, कुणी भाकरीला हात लावला नव्हता.

"उचला बाई," तो म्हणाला.

पार्वतीबाईंनी चांगल्या राहिलेल्या दोन बोटांनी झाकण उचललं. ते वर गेलं आणि राहिलं. त्यांनी त्याखाली हात नेला, बाहेर काढला, पुन्हा नेला. जाताना त्यांनी ती सटकलेली काठी उचलून सडकेच्या पलीकडं फेकून दिली. दुसऱ्या दिवशीचं आडवं मूलही निघालं. मुलगा झाला म्हणून भुजंगानं येता-जाता भोंगा वाजवून सांगितलं.

इकडं फाट्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. बानूबाईचा उजवा हात गळ्यात. भाकरी शेजारीण थापून द्यायची, मेंढरं मल्हारी सोडायचा, पण वेणीफणीचं काय? बानूबाईचे केस कमरेखाली. दोन दिवस तिनं डाव्या हातानं झटापट केली. तिसऱ्या दिवशी मल्हारीनं राखेनं घासून घासून हातांचं ग्रीस काढलं, फणी घेतली आणि लिंबाखाली तिच्या मागं बसला. "उगी, उगी," असं म्हणत गुंता सोडवायला लागला. फाट्यावर माणसं जमली. आयतीच करमणूक! मल्हारीला एका डोळ्यानं मध्य सापडायचा नाही, भांग हटकून एका बाजूला जायचा. "मिस्त्री, भांग जिंतूरला चाललाय, जरा सेलूकडं घ्या," असं कुणी म्हटलं की सगळे खिदळायचे. बानूबाई म्हणायची, "जिंतूरला जाऊ द्या न्हाईतर मुंबईला जाऊ द्या. तुमच्या बायकोचा कुणी काढायलंय का?" आणि तसल्या वाकड्या भांगानं दिवसभर मिरवायची.

दहाव्या दिवशी टाके निघाले. जखम भरली. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढ लागला. मल्हारी रोज सकाळी हात घासून फणी घेऊन बसायचाच, कारण बानूबाई म्हणायची, बोटं अजून मिटेनात. एवढ्यातेवढ्यावरून घाबरणारा गडी नव्हे, पण त्याच्या मनानं घेतलं की आपला डोळा राहिला आणि हिचा हात गेला. तो अन्न नीट खाईना. पार्वतीबाईंची मोटार फाट्यावर थांबली तसा तो धावत गेला.

"बाई, आतातरी एकदा हात बघा हिचा. बोटं वळंनात अजून. कितीक दिस लागत्याल?"

पार्वतीबाईंनी बानूबाईचा हात हातात घेतला. एकेक बोट वाकवून बघितलं. चारही बोटं अंगठ्याला लागत होती, लोण्यासारखी वळत होती. हात चांगला होऊन महिना तरी झाला असावा. त्यांनी मान वर केली. बानूबाई दुसरीकडंच बघत होती, मेंढरं मोजल्यासारखं करत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

पार्वतीबाईंनी हात अलगद तिच्या मांडीवर ठेवून दिला.

"लागतील अजून दोन-तीन महिने," त्या म्हणाल्या. "घाबरायचं काही नाही. पण तोवर केसांना तिचा हात लावू देऊ नका."

"न्हाई लावू देत," मल्हारी म्हणाला आणि राख घेऊन हात धुवायला गेला. सकाळची वेणी अजून व्हायची होती.